घर विका, पण ज्याचे त्याला देऊन

दिवाळी उरकली, भात झोडून घरात आले, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत दोन कामांना जोर चढतो. वीटभट्ट्या लागतात आणि जमिनीचे सौदे सुरू होतात. मोजणीवाले येतात, दलाल मोटारसायकलवरून गावोगाव फिरू लागतात, आणि मुंबई-ठाण्यात दोन पिढ्या काढलेली मंडळी बापजाद्यांच्या घराची किल्ली शोधत गावी उतरतात. घर पडायला आलेले असते. भोवती वाडगा, परसात चार फणस-आंबे, लागून एकर-दोन एकर जागा. गिऱ्हाईक येते, डोंगर बघते, नदी किती लांब ते विचारते, जागा पसंत करते आणि जाता जाता एकच अट घालते, "घर तेवढे रिकामे करून द्या."

या शेवटच्या अटीबद्दल आज चार शब्द लिहायचे आहेत. भाव किती, टोकन किती, दलाली किती यावर आपण महिनाभर घासाघीस करतो. घर रिकामे करण्याचे काम मात्र रजिस्ट्रीच्या आदल्या रविवारी एक टेम्पो आणि दोन मजूर लावून उरकतो. बरे वाटले ते गाडीत, भंगार भंगारवाल्याला, उरलेले परसात काडी लावून. दोन तासांत घर स्वच्छ. पण शेतकरी बंधूंनो, त्या दोन तासांत जे गेले ते सगळे तुमचे होते का, हे कोणी विचारले?

हा प्रश्न पूर्वी फारसा येत नव्हता, कारण गावातली घरे विकलीच जात नव्हती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला, तो खालापूर तालुक्यातून गेला. पनवेल-कर्जत नवा लोकल मार्ग हाती घेतला गेला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. ज्या माळावर गुरे चरत होती त्याला गुंठ्याचा भाव आला. भाव आला तसे वारस आले. वारसांनी यावे, आपली मिळकत विकावी, त्यात गैर काही नाही. मुलांची शिक्षणे, दुखणी, मुंबईत एखादी खोली, यासाठी माणूस विकतो. आमचे म्हणणे एवढेच, की घर विकायचा हक्क वारशाने येतो, पण घरात दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेले सामान वारशाने येत नाही.

आता म्हणाल, आमच्या घरात दुसऱ्याचे काय असणार? जरा आठवून बघा.

पहिले, भावकीचे. चार भावांचे एक घर, त्यातला एक गावी राहिला, बाकीचे शहरात गेले. जाताना प्रत्येकाने काही ना काही ठेवले. कोणाची माळ्यावर सागाची फळकुटे, कोणाचा पितळी हंडा, कोणाचे नांगर-जू. वाटणी तोंडी झालेली. देव्हाऱ्यातले टाक तर एकाचे कधीच नसतात, ते साऱ्या भावकीचे. ज्याच्या नावावर घर आले त्याने टाक पिशवीत घालून डोंबिवलीला नेले आणि नवरात्रात बाकीच्यांना कळले, असे झाले की दहा वर्षे भाऊ एकमेकांच्या दारात जात नाहीत.

दुसरे, बायकांचे. विधवा काकी, माहेरी परत आलेली आत्या, लग्नानंतर पेटी इथेच राहिलेली बहीण. तिची ट्रंक माजघराच्या कोपऱ्यात असते, वर कुलूप, किल्ली तिच्या गळ्यात. ती ट्रंक "घरातली" म्हणून कोणी उघडू नये. स्त्रीधन हे त्या बाईचे स्वतःचे, नवऱ्याचे किंवा सासरचे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात स्वच्छ सांगितले आहे. आणि ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच हिस्सा आहे. तेव्हा घर रिकामे करायला फक्त भाऊ जमले आणि बहिणींना निरोपच नाही, हे चालायचे नाही.

तिसरे, गावकीचे. मोठ्या घरात जागा असते म्हणून गावकीची भांडी तिथे ठेवलेली असतात. लग्नकार्याचे मोठे टोप, परात, झारे. भजनी मंडळाचा पखवाज आणि टाळ, देवीच्या पालखीचे दांडे, बचत गटाची पेटी. पन्नास वर्षांपूर्वी ज्या आजोबांनी "ठेवा माझ्या पडवीत" म्हटले ते गेले, आणि नातवाला वाटते की हे सगळे आजोबांचेच. मग तो टोप पितळेच्या भावाने जातो. पुढच्या वैशाखात लग्न निघते तेव्हा गावाला कळते. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

चौथे, आणि आमच्या मते सर्वांत नाजूक, ते गड्याचे, कुळाचे, राखणदाराचे आणि वाडीवरच्या कातकऱ्याचे. आपल्या दोन्ही तालुक्यांत कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको-पोरे सगळी जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. जाताना भट्टीवर न्यायचे तेवढे बोचके बांधतात. बाकीचे कुठे ठेवणार? झोपडीला ना दार ना कडी. मग ज्याच्या शेतावर राबले त्या मालकाच्या गोठ्यात, पडवीत, माळ्यावर ठेवतात. दोन पातेली, विळा, मासे धरायचे जाळे, इरले, पोराची शाळेची पिशवी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाशाला खोचलेले कागद.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. सौदे होतात ते नोव्हेंबर ते मे. कातकरी घराबाहेर असतो तो नोव्हेंबर ते मे. म्हणजे आपण घर रिकामे करतो ते नेमके त्याच दिवसांत, जेव्हा सामानाचा धनी गावात नसतो. कोणी मुद्दाम करतो असे आम्ही म्हणत नाही. पण भट्टीवरून परतलेला माणूस मृगाच्या आधी येऊन बघतो तेव्हा तिथे तारेचे कुंपण, लोखंडी फाटक आणि ओळख नसलेला वॉचमन असतो. तो विचारणार कोणाला? मालक मुंबईत, गिऱ्हाईक कोण ते माहीत नाही, आणि दलाल फोन उचलत नाही.

पातेली गेली तर पातेली पुन्हा मिळतील. कागदांचे तसे नाही. आजच्या काळात गरिबाचे सगळे काही कागदावर चालते. आदिवासी असल्याचा दाखला पडताळायचा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल, जुने रेशनकार्ड, एखादी पावती, यांतला एक कागद घरात असेल तर नातवाची पुढची शिक्षणे होतात. नसेल तर समितीच्या दारात हेलपाटे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. या जमातींसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आणली, तिच्यात पक्के घर आहे. पण घर मिळवायचे तर माणूस कुठला, किती वर्षांचा रहिवासी, हे दाखवावे लागणारच. वाशाला खोचलेली ती पिशवी भंगारवाल्याच्या दृष्टीने रद्दीतही जमा नाही. ज्याची आहे त्याच्या दृष्टीने ती सात-बाराइतकी मोलाची आहे.

आणि हे फक्त आदिवासींचेच नव्हे. कुणबी नोंदी शोधायला सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जुनी दप्तरे आणि मोडी कागद वाचायला माणसे मिळेनात अशी धावपळ उडाली. आपल्याकडे ज्या घराण्यांकडे पूर्वी खोती होती किंवा पाटीलकी होती, त्यांच्या माळ्यावर फडक्यात बांधलेली मोडी रुमाले आजही निघतात. त्यात घराण्याचे असते तसे गावाचेही असते. कोणत्या शेतावर कोण होता, कोणी किती फाळा दिला, कोणाचे लग्न कोणत्या गावी झाले. हे रुमाल परसात काडी लावून जाळणे म्हणजे अर्ध्या गावाची साक्ष जाळणे आहे. वाचता येत नाही म्हणून टाकाऊ ठरवू नका. मोडी जाणणाऱ्याला आधी दाखवा. घरात नकोच असतील तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असले कागद जपण्याचेच काम करते.

आता कायदा काय म्हणतो ते सोप्या भाषेत सांगतो, कारण "कायद्याने घर माझे, मग आतले माझे" हे वाक्य हल्ली फार ऐकू येते.

मयताची मिळकत वारसाला मिळते. मयताकडे दुसऱ्याने ठेवायला दिलेली वस्तू मयताची कधी नव्हतीच, म्हणून ती वारसाला मिळत नाही. वारसाकडे येते ती फक्त ती परत करण्याची जबाबदारी. १८७२ चा करार कायदा सांगतो, की दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली तर शहाणा माणूस आपल्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घ्यावी लागते, आणि सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यालाही हाच नियम आहे. अशी वस्तू लबाडीने आपलीशी केली तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ लागते. मयताच्या ताब्यातली वस्तू हक्काच्या वारसांच्या हाती जाण्याआधी एकानेच लांबवली, तर त्याला कलम ३१५ वेगळे आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. भावकीतल्या मंडळींनी हे कलम लक्षात ठेवावे.

गडी किंवा राखणदार तुमच्या परवानगीने घरात राहत असेल, तर परवानगी काढून घेता येते. पण १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ६३ म्हणते, की परवानगी काढल्यावर त्याला जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत मिळाली पाहिजे. त्याच परवानगीवर विसंबून त्याने स्वतःच्या खर्चाने कायमचे बांधकाम केले असेल तर परवानगी सहजी काढताही येत नाही. आणि कोणालाही कायद्याच्या मार्गाशिवाय, मनाविरुद्ध ताब्यातून हुसकले, तर सहा महिन्यांच्या आत तो दिवाणी न्यायालयात जाऊन ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच गौण असतो. शेतजमिनीच्या बाबतीत १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडेही सहा महिन्यांत जाता येते. तेव्हा सामान फेकून ताबा मिळाला असे ज्याला वाटते, त्याने आपल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात एक दावा बांधून दिलेला असतो.

यापुढची गोष्ट त्याहून मोठी आहे. काही ठिकाणी "दुसऱ्याचे सामान" म्हणजे पातेली-बोचकी नसतात, सबंध घर असते. सात-बारा एका कुटुंबाच्या नावावर आणि त्या जागेवर दहा-वीस झोपड्यांची कातकरी वाडी. ही माणसे तिथे आपण होऊन घुसलेली नाहीत. आपल्याच वाडवडिलांनी शेतावर राबायला, कोळसा पाडायला, बांध घालायला मजूर हवेत म्हणून त्यांना तिथे बसवले. रायगड-ठाण्यात अशा वाड्यांवर जमिनीचे भाव वाढताच काय संकट आले, याचा अभ्यास कर्जत तालुक्यातल्या कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेच्या कामातून झाला. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचे "फायटिंग एव्हिक्शन" हे पुस्तक २०१३ साली त्यातूनच निघाले. आपल्या शेजारच्या वाडीची गोष्ट इंग्रजी पुस्तकात छापली गेली, पण सौदा करणाऱ्या किती जणांना ती ठाऊक आहे?

१९४८ चा कुळकायदा म्हटले की आपल्याला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आणि ३२-ग आठवते. त्याच कायद्याची कलमे १६ ते १८ कोणी वाचत नाही. मालकाच्या जागेवर कुळाने किंवा त्याच्या पूर्वजांनी स्वखर्चाने राहते घर बांधले असेल, तर त्याला त्या घरातून सहजी काढता येत नाही. जागा विकायची झाली तर ती घेण्याची पहिली संधी त्यालाच द्यावी लागते, आणि ती न देता केलेली विक्री टिकत नाही. कलम १८ ने हेच संरक्षण शेतमजूर आणि गावातले कारागीर यांच्या घरांनाही दिलेले आहे. म्हणजे वाडी असलेली जागा "मोकळी आहे" म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि वाडीवरही अन्याय आहे. अशा जागेत वाडीपुरते क्षेत्र मोजून वेगळे काढणे आणि उरलेले विकणे हाच सरळ मार्ग. चार गुंठे कमी विकले जातील, पण विकलेले निर्वेध राहील.

आम्हाला दुसरी बाजूही ठाऊक आहे. गावात असेही लोक आहेत जे सौद्याची कुणकुण लागताच बंद घराच्या पडवीत एक बाज आणि दोन मडकी आणून टाकतात आणि "आम्ही इथेच राहतो" म्हणून पैसे मागतात. भावकीतला एखादा गोठ्याला आपले कुलूप लावतो आणि सही द्यायला तयार होत नाही. मुंबईहून येणाऱ्या वारसाला दर खेपेला रजा आणि भाडे पडते. गिऱ्हाईक घाई करते. त्याचे टोकन परत करायची वेळ आली तर सौदाच मोडतो. "आम्ही किती दिवस दुसऱ्याची भांडी राखत बसायचे?" हा प्रश्न खोटा नाही.

पण याचेही उत्तर यादीतच आहे. आज घरात काय आहे याची तारखेनिशी, पंचांच्या सह्यांनिशी यादी झाली, की उद्या आणून टाकलेली बाज त्या यादीत नसते. म्हणजे यादी जशी गरिबाला राखते तशी मालकालाही राखते. आणि कायदा कोणाला जन्मभर राखण करायला लावत नाही. वाजवी शोध घेऊनही सापडलेल्या वस्तूचा धनी सापडत नसेल, आणि ती नासणारी असेल किंवा ती सांभाळण्याचा खर्च तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेला असेल, तर ती विकण्याची वाट करार कायद्यात आहे. कायद्याला हवे ते एवढेच, की शोध खरोखर घेतलेला असावा.

तेव्हा ज्यांना यंदा घर विकायचे आहे त्यांनी पुढीलप्रमाणे करावे, असे आम्ही सुचवतो.

टोकन घेण्याच्या आधी घर उघडा, नंतर नाही. सर्व वारसांना, बहिणींनाही, दिवस कळवा. सौद्याशी संबंध नसलेले गावातले दोन पंच बोलवा आणि पोलीस पाटलांना कल्पना द्या. ओटी, पडवी, माजघर, माळा, गोठा, परस असे ओळीने फिरा आणि प्रत्येक जिन्नस लिहा. कुठे सापडला, कोणाचा असे पंच सांगतात, कोणत्या स्थितीत आहे. मोबाईलवर फोटो काढा. कुलूप असलेली पेटी फोडू नका, "बंद पेटी एक" असे लिहा. कागदांची पिशवी उघडून वरच्या कागदावरचे नाव तेवढे लिहा आणि ती कोरड्या जागी ठेवा. यादीच्या तीन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक पंचांकडे, एक ग्रामपंचायतीत.

माळ्यावर जुनी ठासणीची बंदूक निघाली, आणि रानडुकरांसाठी परवाना घेतलेल्या बंदुका आपल्याकडे अनेक घरांत होत्या, तर ती यादीत लिहून लगेच पोलीस ठाण्यात जमा करा. परवाना ज्याच्या नावे होता तो वारला की ती ताब्यात ठेवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. ती भावाच्या घरी "तात्पुरती" पाठवू नका.

मग नोटीस. घराच्या दारावर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि देवळापाशी लावा. बाहेरगावच्या भाऊबंदांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. पण वाडीवर कागद चिकटवून भागत नाही. तिथे माणूस पाठवून तोंडी सांगा. कुटुंब भट्टीवर असेल तर मुकादमाचा नंबर गावात कोणाकडे तरी असतोच, त्याच्यामार्फत निरोप द्या. मुदत निदान एक महिन्याची ठेवा. भट्टीवर गेलेल्यांचे सामान असेल तर ते परत येईपर्यंतची ठेवा. यासाठी सौदा थांबवायची गरज नाही. साठेखतात ताब्याची तारीख मे अखेरची घाला आणि "घरातील त्रयस्थांचे सामान यादीप्रमाणे परत करून ताबा देण्यात येईल" असे एक वाक्य लिहून घ्या. समजूतदार गिऱ्हाईक याला नाही म्हणत नाही, कारण दाव्याशिवायचा ताबा त्यालाच हवा असतो.

सामान परत देताना यादीवर सही किंवा अंगठा घ्या. बहिणीची ट्रंक बहिणीच्याच हाती द्या, मेहुण्याच्या नको. देवांचे टाक कोणाकडे जायचे ते भावकीने एकत्र बसून ठरवावे. गावकीची भांडी सरपंचांच्या समक्ष दुसऱ्या घरी हलवावी. इतके करूनही जे उरेल ते बेवारस म्हणून पोलिसांना कळवा, कारण बेवारस वस्तू ताब्यात घेणे हे कायद्याने पोलिसांचे कामच आहे. कागद मात्र कोणाचेही असोत, रद्दीत घालू नका. ग्रामपंचायतीत पाकिटात घालून, वर नाव लिहून ठेवायला किती जागा लागते?

आता गावच्या कारभाऱ्यांना दोन गोष्टी. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे खरेदीची नोंद येते. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. जागेवर वाडी आहे हे तलाठ्याला डोळ्यांनी दिसत असते. अशा वेळी नोटीस फक्त सात-बारावरच्या नावांना गेली आणि तिथे राहणाऱ्यांना कळलेच नाही, तर कागद बरोबर आणि न्याय चूक, असे होते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालकाच्या नावाशेजारी भोगवटा करणाऱ्याचे नाव असते. घर विकले म्हणून ते नाव गपचूप कमी करू नका, आधी त्या माणसाला विचारा. २६ जानेवारी आणि १ मे या दोन्ही ग्रामसभा सौद्यांच्याच हंगामात येतात. विकल्या जाणाऱ्या घरांच्या याद्या तिथे मोठ्याने वाचून दाखवल्या तर पाच मिनिटे जातील आणि पुढची पाच वर्षांची कज्जेदलाली वाचेल. पोलीस पाटलांनीही "हा खाजगी मामला आहे" म्हणून अंग काढू नये. भांडण झाल्यावर पंचनाम्याला त्यांनाच उभे राहावे लागते. आधी तासभर उभे राहिलेले बरे.

आपल्या भागात दुसऱ्याची ठेव सांभाळण्याची रीत जुनी आहे. याच मुलखात भाई कोतवालांनी स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांत गरीब शेतकऱ्यांसाठी धान्य कोठार काढले. एकाने ठेवावे, अडल्याला मिळावे आणि पुन्हा भरून यावे, हे सगळे विश्वासावर चालत होते. आपल्या आजोबांच्या पडवीत गड्याचे बोचके, गावाचा टोप आणि आत्याची ट्रंक राहिली ती याच विश्वासावर. आजोबांनी पावती दिली नव्हती, कारण मागायची कोणाला गरजच वाटली नव्हती. ते घर आता तुम्ही विकता आहात. किंमत पुरती घ्या, त्यावर कोणाचा आक्षेप नाही. फक्त गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली ठेवण्याच्या आधी यादी एकदा पुन्हा वाचा आणि एकही जिन्नस सही-अंगठ्याशिवाय राहिला नाही याची खात्री करून घ्या.